रासायनिक अस्त्रबंदीच्या कामात शिरायचंय, ठाण्या-नवी मुंबईतून वाट कुठून जाते?

खाडीपलीकडची

नमस्कार मंडळी. धागा लांब होणार आहे, पण सगळं सांगितल्याशिवाय नीट उत्तर मिळणार नाही म्हणून लिहिते.

मी 26 वर्षांची, कळव्याला राहते. ठाण्यातल्या कॉलेजातून ऑरगॅनिक केमिस्ट्रीत एम.एस्सी. केलं आणि 2022 पासून एका केमिकल कंपनीत रेग्युलेटरीला आहे. ऑफिस महापेला, प्लांट तळोजा एमआयडीसीत. कंपनीचं नाव लिहिणार नाही.

माझ्याकडे जी कामं आहेत त्यातलं एक म्हणजे रासायनिक अस्त्रबंदी कराराखालची डिक्लरेशन्स. ऑफिसात सगळे नुसतं 'सीडब्ल्यूसी' म्हणतात. आमच्याकडे अस्त्राशी संबंध असलेलं काही बनत नाही. रंगांना आणि औषधांना लागणारी इंटरमीडिएट्स, म्हणजे मधल्या टप्प्याची रसायनं, बनतात. तरी वर्षाला 200 टनांहून जास्त सेंद्रिय रसायन संश्लेषणाने बनवलं की कारखान्याला ते जाहीर करावं लागतं. ती माहिती दिल्लीला नॅशनल अथॉरिटीकडे, म्हणजे हा करार आपल्या देशात राबवणाऱ्या सरकारी कार्यालयाकडे जाते आणि तिथून नेदरलँड्समध्ये हेगला, ओपीसीडब्ल्यूकडे, म्हणजे करार पाळला जातो का ते बघणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेकडे. पहिली दोन वर्षं मी मागची फाइल उघडायची, आकडे बदलायची आणि पाठवून द्यायची.

मागच्या वर्षी गणपतीच्या आधी ओपीसीडब्ल्यूची तपासणी आली. आमच्यासारख्या कारखान्याला 120 तासांची नोटीस मिळते, म्हणजे पाच दिवस. त्या पाच दिवसांत मी जेवढं शिकले तेवढं एम.एस्सी.च्या दोन वर्षांत शिकले नव्हते. काय बघितलं ते सांगता येणार नाही. माझ्यापुरती एकच गोष्ट सांगते. चहाच्या वेळी त्यांच्यातल्या एका बाईंनी मला विचारलं, गोदामातून कच्चा माल प्लांटमध्ये जातो तेव्हा त्याचं वजन कोण करतं? मला माहीत नव्हतं. सही साहेबांची असली तरी आकडे मी भरलेले होते. वजन कोण करतं, कुठल्या काट्यावर करतं, ड्रमचं वजन वजा होतं की नाही, यातलं काहीच मला सांगता आलं नाही. त्या रागावल्या नाहीत. "जाऊन बघून ये," एवढंच म्हणाल्या. या कामात येण्याआधी त्या त्यांच्या देशात खताच्या कारखान्यात केमिस्ट होत्या.

त्या रात्री झोप लागली नाही. पुढे महिनाभर वाचत राहिले. 16 मार्च 1988 ला इराकमधल्या हलबजावर झालेला विषारी वायूचा हल्ला, त्यात एका दिवसात गेलेली हजारो माणसं. देशोदेशींनी मिळून जाहीर केलेली 72,304 टन रासायनिक अस्त्रं. आपल्या देशाने 1997 मध्ये 1,044 टन सल्फर मस्टर्डचा, म्हणजे मस्टर्ड वायू नावाच्या विषारी रसायनाचा साठा आहे असं स्वतःहून सांगितलं आणि 2009 पर्यंत तो सगळा नष्ट केला, हे मला कुठल्याही वर्गात कुणी शिकवलं नव्हतं. जगातला शेवटचा जाहीर साठा अमेरिकेत केंटकीमध्ये 7 जुलै 2023 ला संपला. तो शुक्रवार होता. मी ऑफिसात होते, कपाटात याच कराराची फाइल होती, आणि आमच्या मजल्यावर एकालाही पत्ता नव्हता. याचं मला फार वाईट वाटतं.

मला हे काम रीतसर शिकायचं आहे, पुढे जमलं तर यातच राहायचं आहे. शोधायला गेलं की दोनच प्रकार दिसतात. एक तर दिल्लीतले आंतरराष्ट्रीय संबंधांचे कोर्स, नाहीतर परदेशातले, ज्यांची फी बघूनच मी पान बंद करते. बाबा ठाणे-बेलापूर रोडवरच्या कारखान्यातून निवृत्त झाले, भाऊ अजून शिकतोय, घराचा हप्ता माझ्या पगारातून जातो. ऑफिसात विचारलं तर, फॉर्म वेळेत गेला की आपलं काम संपलं, असं उत्तर मिळालं. आमच्यासारख्यांसाठी, म्हणजे मुत्सद्दी नसलेल्या, आयआयटीत न शिकलेल्या पण रोज हे कागद हाताळणाऱ्या तरुण लोकांसाठी खरंच काही प्रशिक्षण आहे का? कुणी केलंय का? आणि तोवर इथे बसून मी काय शिकू?

बी_शिफ्ट

पोरी, तपासणीबद्दल लिहिलंस तेवढं पुरे, पुढे कुणी खोदून विचारलं तरी लिहू नकोस. कारखान्यांची माहिती गोपनीय राहते या भरवशावर ही सगळी व्यवस्था उभी आहे.

मी तळोज्यात 31 वर्षं काढली. आधी शिफ्ट बघायचो, शेवटची बारा वर्षं सेफ्टीला होतो. आता नेरूळला घरी असतो. तुझा प्रश्न वाचून दोनदा चष्मा पुसला. आमच्या वेळी हे कुणी विचारलं नाही. मीही नाही.

कोर्सचं दुसरे सांगतील. इथे बसून काय शिकायचं ते मी सांगतो.

पहिल्यांदा हे समजून घे की रंग-औषधाच्या साध्या प्लांटला हेगहून माणसं का येतात. लोकांना वाटतं, यादीत नाव असलेलं रसायन असेल तरच संबंध. करारात रसायनांच्या याद्या तीन आहेत हे खरं, शेड्यूल एक, दोन, तीन. शेड्यूल दोनच्या प्लांटला 48 तासांची नोटीस असते आणि तपासणी 96 तासांपर्यंत चालू शकते. तुमच्यासारख्याला 120 तासांची नोटीस आणि 24 तासांत काम आटपतं. पण तुमचा रिअ‍ॅक्टर, तुमचा कंडेन्सर, तुमची ग्लास-लाइन्ड भांडी आज रंगाचं इंटरमीडिएट करतात, उद्या पाइप फिरवले की दुसरं काही करतील. म्हणून ते तुमची उपकरणं बघतात, मालाच्या नावावर थांबत नाहीत. हे एकदा डोक्यात बसलं की प्लांटमध्ये फिरताना तुझी नजर बदलेल.

दुसरं याहून महत्त्वाचं. करार यादीवर चालत नाही, हेतूवर चालतो. कुठलंही विषारी रसायन, ते यादीत असो वा नसो, माणसं मारायच्या हेतूने केलं की ते रासायनिक अस्त्र. आणि यादीतलं रसायनसुद्धा परवानगी असलेल्या कामासाठी, त्या कामाला लागेल तेवढंच केलं, तर ते अस्त्र नाही. फॉस्जीन घे. पहिल्या महायुद्धात त्याने हजारो सैनिक गुदमरून मेले. आज तेच फॉस्जीन पॉलिकार्बोनेट आणि कीटकनाशकं बनवायला जगभर लागतं. भोपाळच्या कारखान्यात जो मिथिल आयसोसायनेट बनायचा, तोही फॉस्जीनपासूनच. मी नोकरीला लागलो तेव्हा भोपाळ ताजं होतं, आमचे सीनियर त्याचं नाव आवाज खाली आणून घ्यायचे. तिथे कुणाचा हेतू मारण्याचा नव्हता, आणि तरी काय झालं ते आपल्याला माहीत आहे. म्हणून मी नेहमी म्हणायचो की सेफ्टीवाला आणि सीडब्ल्यूसीवाला यांनी एकाच टेबलावर बसायला हवं. आमच्याकडे दोघं वेगळ्या मजल्यांवर बसायचे, एकमेकांची नावंही माहीत नसायची.

आता हिशोब. बॅचला हजार किलो घातलं, 820 निघालं. उरलेलं कुठे गेलं? माल गाळून उरलेल्या द्रवात, म्हणजे मदर लिकरमध्ये किती, रिकव्हर केलेल्या सॉल्व्हंटबरोबर किती, सांडपाण्याच्या ईटीपीला किती, ड्रमच्या तळाशी किती? मास बॅलन्स म्हणतो तो हाच. तुझा फॉर्म म्हणजे या सगळ्याची शेवटची ओळ. त्या बाईंनी तुला वजनाचं विचारलं कारण आकडा जन्माला येतो तो काट्यावर, लॅपटॉपवर नाही. तेव्हा परवानगी काढ आणि एक पूर्ण बॅच बघ. कच्चा माल गेटवर आल्यापासून डिस्पॅचच्या ट्रकमध्ये चढेपर्यंत. रात्रपाळी लागली तरी जा, सोबत सेफ्टीचा माणूस माग. काट्याचं कॅलिब्रेशन कधी झालं ते बघ. बॅच कार्डावर खाडाखोड असली तर त्यावर सही आहे का ते बघ. गोदामवाल्याशी बोल. माझ्या अनुभवात सगळ्यात चोख उत्तरं गोदामवाल्याकडे असतात आणि त्याला कुणी काही विचारत नाही.

हे तीन महिने कर. मग पुढच्या अर्जात लिहायला तुझ्याकडे तुझं स्वतःचं काहीतरी असेल.

खारघरचा_केमिकलवाला

ताई, तुम्हाला हवं ते आहे, आणि तुम्ही त्यात बसता. मी स्वतः केलंय म्हणून ठामपणे सांगतो.

ओपीसीडब्ल्यूचा असोसिएट प्रोग्राम 2000 साली सुरू झाला. तो मुत्सद्द्यांसाठी नाहीच. करारातल्या विकसनशील देशांतल्या केमिस्ट आणि केमिकल इंजिनिअरांसाठी आहे. दोन-सव्वादोन महिन्यांचा असतो. सुरुवात आणि शेवट हेगला, मधे युरोपातल्या एका विद्यापीठात शिक्षण, आणि मग काही आठवडे एखाद्या देशातल्या चालू कारखान्यात प्रत्यक्ष काम. प्रवास, राहणं, शिक्षण यांचा खर्च संघटना करते. अर्ज नॅशनल अथॉरिटीमार्फत जातो आणि कंपनीचं पत्र लागतं, कारण तेवढे दिवस तुम्हाला सोडायची तयारी कंपनीला दाखवावी लागते. अडचण इथेच येते. माझ्या वेळी साहेबांना पटवायला मला एक वर्ष लागलं आणि त्या वर्षीची मुदत हुकली. तुम्ही आजपासून लागा.

तिथे काय मिळालं ते सांगतो. माझ्या गटात आफ्रिकेतले, लॅटिन अमेरिकेतले, आशियातले लोक होते, बहुतेक माझ्याच वयाचे. एक जण साबणाच्या कारखान्यातला, एक जण सरकारी प्रयोगशाळेतली. आम्हाला एका काल्पनिक कारखान्याची कागदपत्रं दिली आणि दिवसभर नकली तपासणी करायला लावली, आधी तपासणारे म्हणून, मग कारखानदार म्हणून. दुसऱ्या भूमिकेत बसल्यावर मला पहिल्यांदा समजलं की आपण प्रश्न किती तोडून विचारतो आणि समोरचा किती घाबरलेला असतो. परत आल्यावर माझं बोलणं बदललं असं घरचे म्हणतात.

नोकरीचंही सांगतो, कारण तुम्ही यातच राहायचं म्हणालात. ओपीसीडब्ल्यूत कायमची नोकरी नसते. साधारण सात वर्षांची मुदत असते, मग माणूस परत जातो आणि नवीन येतो. त्यामुळे त्यांना नवे इन्स्पेक्टर सतत लागतात, आणि कारखान्यात काम केलेला केमिस्ट त्यांना हवाच असतो. मात्र लगेच नाही, आधी बरीच वर्षं अनुभव गाठीला हवा.

घरी बसून सुरुवात करायची तर ओपीसीडब्ल्यूचे ऑनलाइन पाठ मोफत आहेत, संयुक्त राष्ट्रांच्या निःशस्त्रीकरण कार्यालयाचेही आहेत. मी ते लोकलमध्ये मोबाइलवर पूर्ण केले. शिवाय इंडियन केमिकल कौन्सिल मुंबईतच आहे, कारखान्यांसाठी ते याची जागृती सत्रं घेत आलेत. त्यांना या कामासाठी 2024 चा ओपीसीडब्ल्यू-द हेग पुरस्कार मिळाला. सत्राची सूचना ऑफिसात येते आणि कुणीतरी ती खाली सारतं. तुमच्या ऑफिसात ती कुणाच्या मेलवर येते ते आधी शोधा.

दोन ठिकाणी मात्र वेळ घालवू नका. संयुक्त राष्ट्रांची निःशस्त्रीकरण फेलोशिप खूप जुनी आणि उत्तम आहे, 1978 च्या विशेष अधिवेशनात ठरलेली, पण तिला सरकारं आपले अधिकारी पाठवतात. आणि आपल्या परराष्ट्र मंत्रालयाची 2019 पासूनची फेलोशिप परदेशी तरुण मुत्सद्द्यांसाठी आहे. नावं वाचून मी दोन्हींकडे मेल केले होते.

उरणकर_सीएचए

माल बाहेर जातो तिथली बाजू कुणी सांगितली नाही म्हणून लिहितो. मी न्हावा शेवाला कस्टम क्लिअरन्सचं काम करतो, बारा वर्षं झाली. बी.कॉम. आहे, केमिस्ट्री दहावीनंतर सुटली.

एकदा ट्रायइथेनॉलअमीनचे ड्रम आले, इजिप्तला जायचे होते. क्रीम, शाम्पू, सिमेंट सगळ्यात जाणारा माल. मी शिपिंग बिल करायला घेतलं. आमच्या सीनियरने हात धरला. म्हणाले, हे शेड्यूल तीनमध्ये आहे आणि इजिप्त करारात नाही. करारात नसलेले देश चारच, इजिप्त, उत्तर कोरिया, दक्षिण सुदान, आणि इस्रायल, ज्याने सही केली पण मंजुरी दिली नाही. तिथे माल जायचा तर त्या देशाच्या सरकारचं एंड यूज सर्टिफिकेट लागतं. आम्ही माल थांबवला, पार्टी चिडली, कागद यायला बरेच दिवस लागले. पार्टी प्रामाणिक होती, शेवटी सगळं नीट गेलं. पण त्या दिवसापर्यंत मला हे कुणी शिकवलं नव्हतं, आणि सीनियर त्या दिवशी रजेवर असते तर मी बिल फाइल केलं असतं.

फ्रान्स फान आनरात हे नाव नव्या मुलांना मी मुद्दाम सांगतो. हा डच व्यापारी. कारखाना नाही, प्रयोगशाळा नाही, नुसती खरेदी-विक्री. थायोडायग्लायकॉल नावाचं रसायन, जे कापड रंगवायलाही लागतं, ते त्याने हजार टनांवर सद्दामच्या इराकला पुरवलं. त्यातून मस्टर्ड वायू बनला. कापडासाठीच जातंय असं मला वाटलं, हे त्याचं म्हणणं होतं. 2005 मध्ये हेगच्या न्यायालयाने त्याला युद्धगुन्ह्यात साथ दिली म्हणून 15 वर्षांची शिक्षा दिली, अपिलात ती 17 झाली. तो माल कुणीतरी बंदरातून पास केलाच असेल ना? कुणीतरी कागद केले असतील. त्या कागद करणाऱ्याचा विचार माझ्या मनातून जात नाही.

ताई, तुम्ही कधी प्रशिक्षण घ्याल तेव्हा आमच्यासारख्यांसाठीही काहीतरी मराठीत करा. निर्यातीवर नियंत्रण असलेल्या मालाची स्कोमेट यादी इंग्रजीत, नोटिफिकेशन इंग्रजीत. आमच्याकडे कागद हाताळणारी निम्मी मुलं उरण-पनवेलच्या गावांतली आहेत, हुशार आहेत, त्यांना कुणी समजावून सांगत नाही.

घोडबंदर_रोड

सगळं वाचलं, मनापासून आवडलं. पण एक विचारतो, राग मानू नका. पाच मोठी राष्ट्रं अणुबॉम्ब ठेवून बसली आहेत, आपल्याकडेही आहेत. अशा जगात कळव्याच्या मुलीने निःशस्त्रीकरण शिकून नेमकं काय होणार? हिला खरी संधी मिळेल की नुसती प्रमाणपत्रं?

ट्रॉम्बे_ते_वाशी

घोडबंदरवाले, प्रश्न योग्य आहे. माझं आयुष्य अणुऊर्जेच्या कामात गेलं. आता वाशीला राहतो आणि पुलावरून जाताना खाडीपलीकडे ट्रॉम्बेचे घुमट दिसले की अजून मान वळते.

अणूच्या बाजूला तुम्ही म्हणता तसंच आहे. 1968 चा अण्वस्त्रप्रसारबंदी करार पाच राष्ट्रांना अण्वस्त्रधारी मानतो आणि बाकीच्यांना बंदी करतो. भारताने तो भेदभावाचा म्हणून सही केली नाही, आणि ती भूमिका मला पटते. पण रसायनांचा करार तसा नाही, आणि दोन्ही एकाच गाठोड्यात बांधू नका. त्यात सगळ्यांना सारखी बंदी आहे. अमेरिकेलाही साठा नष्ट करावा लागला, रशियालाही, आपल्यालाही. आपण सुरुवातीपासून त्यात आहोत आणि दिलेला शब्द पाळून मोकळे झालो. म्हणून या क्षेत्रात भारतीय तरुणाला मान खाली घालून बोलायची गरज नाही.

अणूकडे वळायचं असलं तरी दार बंद नाही. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचे आपण 1957 पासून सदस्य आहोत. तिची मारी स्क्लोडोव्स्का-क्युरी फेलोशिप 2020 पासून आहे, फक्त मुलींसाठी, अणुविज्ञान, अणुसुरक्षा आणि प्रसारबंदीतल्या पदव्युत्तर शिक्षणाला. खाडीपलीकडची हिचं एम.एस्सी. झालंय, पण हा धागा वाचणाऱ्या टीवायच्या मुलींनी नोंद घ्यावी. जपानने 2022 मध्ये एक कोटी डॉलर देऊन संयुक्त राष्ट्रांमार्फत तरुणांसाठी एक निधी जाहीर केला. त्यात ऑनलाइन अभ्यास असतो आणि निवडलेल्यांना हिरोशिमा-नागासाकीला नेतात. वयाची अट 18 ते 29 आहे, तेव्हा उशीर करू नका.

मी हिरोशिमाला एकदाच गेलो, कामानिमित्त. शांतता उद्यानात शाळेची मुलं कागदी करकोच्यांच्या माळा घेऊन रांगेत उभी होती. रिअ‍ॅक्टर फिजिक्स मला तोंडपाठ होतं आणि मला एक शब्द बोलता आला नाही.

टीवायची_मॅडम

मी ठाण्यात मायक्रोबायॉलॉजी शिकवते. रसायनांवर बरंच झालं, जिवाणूंची बाजू सांगते, कारण ती सगळ्यात उघडी पडलेली आहे.

जैविक अस्त्रबंदी करार 1975 पासून लागू आहे, भारत त्यात आहे. पण हेगसारखी संघटना नाही, 120 तासांची नोटीस नाही, तपासणीच नाही. जिनिव्हात एक छोटं साहाय्य कार्यालय आहे आणि देशांनी आपणहून दरवर्षी भरायचे काही फॉर्म. 1979 मध्ये सोव्हिएत रशियातल्या स्वेर्दलोव्स्क शहरात लष्करी प्रयोगशाळेतून अँथ्रॅक्सचे बीजाणू बाहेर पडले, साठाहून जास्त माणसं गेली. सरकारने वर्षानुवर्षं सांगितलं की सडकं मांस खाल्लं म्हणून. खरं काय ते 1992 मध्ये मान्य झालं. तेव्हा तो देश करारात होता, सही केलेली होती.

माझा अभ्यासक्रम बायोसेफ्टीवर एक तास देतो. हातमोजे, ऑटोक्लेव्ह, डिस्कार्ड जार. आपण वाढवतोय ते कल्चर कुणी कशासाठी मागेल, हा प्रश्न त्यात नाही. चार वर्षांपासून मी वर्षातले दोन तास माझ्या पदरचे काढते आणि टोकियोची गोष्ट सांगते. 20 मार्च 1995, सकाळची गर्दीची वेळ, भुयारी रेल्वेत सारिन हा विषारी वायू. ओम शिनरिक्यो पंथाचं ते काम. त्याआधी त्यांनी अँथ्रॅक्सही पसरवून बघितला होता, तो फसला. मी मुलांना विचारते की हे बनवलं कुणी? उत्तर येतं, अतिरेक्यांनी. मग सांगते, चांगल्या विद्यापीठांतून शिकलेल्या रसायनशास्त्रज्ञांनी आणि डॉक्टरांनी, ज्यांना तुमच्यासारखेच मार्क होते. वर्ग गप्प होतो. दर वर्षी एखादी मुलगी तास संपल्यावर थांबते.

पहिल्या वर्षी वरून विचारणा झाली होती की परीक्षेला नसलेलं का शिकवता. मी शिकवत राहिले.

घोडबंदरवाले, प्रमाणपत्राचं विचारलंत. तास संपल्यावर थांबलेल्या मुलींपैकी दोघी आज निदान प्रयोगशाळांत आहेत. त्यातल्या एकीने एका अनोळखी माणसाची कल्चरची मागणी ओळखपत्र आणि संस्थेचं पत्र मागून परत पाठवली आणि मला फोन केला, मॅडम, बरोबर केलं ना? त्या माणसाचा हेतू वाईट होता की नाही कुणाला ठाऊक. मला तिचं ते विचारणं फार मोलाचं वाटतं.

खाडीपलीकडची, माझ्या वर्गात येऊन बोलशील का? अर्धा तास. वजनकाट्याची गोष्ट सांग, बाकी काही नको.

खाडीपलीकडची

उशिरा लिहितेय, पाच आठवडे झाले. सगळ्यांचे प्रतिसाद छापून घेतले, बाबांनीही वाचले.

बी_शिफ्ट काका, मी बॅच बघितली. परवानगीला दहा दिवस गेले, पण सेफ्टीचे साहेब स्वतः सोबत आले. ते आणि मी तीन वर्षं एकाच कंपनीत आहोत आणि त्याआधी बोललोच नव्हतो. वजन दोन काट्यांवर होतं, गेटवरचा मोठा आणि गोदामातला छोटा. दोन्हींत फरक पडतो आणि गोदामातले दादा तो एका वहीत लिहून ठेवतात, गेली सात वर्षं, शाळेच्या दोनशे पानी वह्यांत. आमच्या डिक्लरेशनला तो फरक किरकोळ आहे, मर्यादेच्या आसपासही नाही. पण त्या वह्या आमच्या मजल्यावर कुणी पाहिलेल्या नव्हत्या. "मॅडम, हे कुणाला लागतं?" असं त्यांनी विचारलं. मी तिथेच पोत्यावर बसून त्यांना हलबजापासून हेगपर्यंत सगळं सांगितलं. अर्धा तास जेवायची सुट्टी होती, ती संपली तरी ते उठले नाहीत. आता त्या वह्यांचे आकडे दर महिन्याला माझ्याकडे येतात.

खारघरचे दादा, केमिकल कौन्सिलच्या सत्रांची सूचना आमच्याकडे अशा एका मेलवर येत होती, जो वापरणारी व्यक्ती दोन वर्षांपूर्वी नोकरी सोडून गेली. आता तो मेल माझ्याकडे वळवून घेतलाय. असोसिएट प्रोग्रामसाठी कंपनीचं पत्र अजून मिळालेलं नाही. सरळ नकारही नाही. दोन महिने माझं काम कोण करेल, एवढाच प्रश्न आहे, म्हणून माझ्या ज्युनिअरला मी डिक्लरेशन शिकवायला घेतलंय. तिला सुरुवात काट्यापासून करून दिली.

घोडबंदरवाले काका, संधी मिळेल की नाही, तुम्हाला काय सांगू? मला खरंच माहीत नाही. पण आता फॉर्म भरताना प्रत्येक आकड्यामागे कुणाचा हात आहे ते मला दिसतं, आणि पुन्हा जुन्या तऱ्हेने तो भरणं मला जमणार नाही.

मॅडम, नक्की येते, शनिवार कुठलाही सांगा.

उरणकर दादा, तुमचं म्हणणं डोक्यात बसलंय. शेड्यूल दोन आणि तीनमधली आपल्या बंदरातून नेहमी जाणारी रसायनं, त्यांची बाजारातली नावं, ती कशात लागतात, आणि कुठल्या देशाला कुठला कागद, असं चार पानी मराठी टिपण करायला घेतलंय. बाजारातल्या नावांशी अडले आहे. एकाच मालाला ड्रमवर एक नाव, इनव्हॉइसला दुसरं आणि यादीत तिसरं असतं. तुमच्याकडे जुन्या शिपिंग बिलांवरून अशी नावं काढता येतील का, पार्ट्यांची नावं झाकून? रविवारी मी उरणला येऊ शकते.

उरणकर_सीएचए

या. रविवारी ऑफिस बंद असतं पण चावी माझ्याकडे आहे. नेरूळहून उरण लोकल धरा, स्टेशनला घ्यायला येतो. सीनियरना पण बोलावलंय, त्यांना ती नावं तोंडपाठ आहेत.

बी_शिफ्ट

मी नेरूळलाच आहे. सकाळची गाडी कितीची धरणार ते सांग, मीही येतो.